रिकामा डबा परत देऊ नये

— नाही हो, मार्शमेलो नका घेऊ! ऐका माझं. आज चौदा मार्च, व्हॅलेंटाइनच्या चॉकलेटांची परतफेड करायचा दिवस, सकाळपासून अर्धं फुकुओका परतभेट घ्यायला माझ्या दुकानात आलंय, पण मार्शमेलो? कुणी सांगितलं नाही तुम्हाला? बाईनं फेब्रुवारीत चॉकलेट दिलं आणि पुरुषानं उलट मार्शमेलो दिलं, म्हणजे नकार. तोंडात विरघळलं, संपलं — मागे काही नाही. साखरेच्या गोळ्या दिल्या तर होकार. बिस्किटं म्हणजे आपली मैत्रीच बरी. — आणि गंमत बघा, हा सण सुरू झाला मार्शमेलोवरूनच, तोही आमच्याच गावात! कुणा बाईनं मासिकात लिहिलं, आम्ही चॉकलेटं द्यायची आणि पुरुषांनी साधं मार्शमेलोसुद्धा परत देऊ नये? ते इथल्या एका मिठाईवाल्याच्या मनाला लागलं. त्यानं चॉकलेटच मार्शमेलोत गुंडाळून विकायला काढलं — तुझं मन माझ्या मनात अलगद ठेवलं, असं म्हणून. आमच्या ह्यांनी मला तेच दिलं होतं. तेव्हा तो होकार होता हो. लोकांनी उलटं करून ठेवलं.

— काय? अर्थ माहीत आहे? माहीत असून मार्शमेलोच? ...बरं. गिऱ्हाईक म्हणजे देव, मी कोण बोलणार. आणा तो फडक्यात बांधलेला डबा, त्यातच भरते. रिकामा डबा परत देऊ नये एवढं तरी कळतं तुम्हाला. पण एक विचारू? त्या पोरीचा काही विचार केलात? माझीच बघा ना, चिझुरु — वरच असते. कचेरीतल्या कुणासाठी तरी चॉकलेट केलं तिनं. युझू लिंबाची साल घालून. तीनदा फसलं, रडली, पुन्हा केलं. कधी काही मागत नाही माझ्याकडे, पण त्या दिवशी चॉकलेट द्यायला माझा लग्नातला डबा मागून घेतला. आज सहाला स्टेशनसमोर भेटू म्हणालाय तो. सणाच्या दिवशी मुद्दाम बोलावलंय म्हणजे होकारच की! दुपारपासून केस बांधतेय आणि सोडतेय. मीही मूर्ख, सकाळीच देवघरात ह्यांच्या फोटोपुढे सांगून बसले — अहो, पोरीचं जमलं म्हणून. — तुम्ही असे पांढरे का पडलात? बसता का? अहो, डब्यावरचा हात काढा, फडक्याची गाठ मी सोडते, सवयीचं काम आहे माझं...

...झाकणावरचा हा सारस. पंखाचा टवका उडालाय — माझ्याच हातून डबा पडला होता.

— मार्शमेलो संपले. दिसताहेत, मला दिसताहेत, तरी संपले! माझ्या पोरीचा नकार माझ्या हातानं बांधून देऊ तुम्हाला? वर फीत लावून? नाही म्हणायचंय ना, म्हणा. कुणावर जबरदस्ती आहे? पण तोंडानं म्हणा, तिच्याकडे बघून म्हणा, मिठाईच्या आडून नको. — पैसे ठेवा ते खिशात. मागचं दार? मागे दार नाहीये. — गप्प. जिना वाजतोय. आली ती. चिझुरु, अगं सावकाश, धावू नकोस...

बघा, कशी हसतेय तुम्हाला बघून. तिला वाटलं, तुम्ही घ्यायलाच आलात.

बोला आता.