पंचामृतात गेलेलं कुलूप

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शहरातल्या मुद्रक मंडळींचे वडीलधारे, माननीय सहदेवराव गावंडे. व्यासपीठावर बसलेले छापखान्याचे मालक आणि माझे जुने मित्र भगवंतराव ढोले. जिला निरोप द्यायला आपण सगळे जमलो आहोत ती सत्कारमूर्ती माधवीताई इंगोले. छापखान्यातली कामगार मंडळी. भातकुलीहून खास गाडी करून आलेल्या माझ्या मायबहिणी. आणि मागच्या दाराशी चहाच्या वासावर उभे असलेले रसिकहो!

मी देवमन वानखडे. उभी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली, ती बहुतेक अमरावती–अकोला याच रस्त्यावर. मला भाषणाची सवय नाही, ओरडण्याची आहे. तेव्हा मागे ऐकू येतं का, असं मी विचारणार नाही. माझ्या आधीच्या वक्त्यांनी ताईंच्या कामसूपणाबद्दल, मनमिळाऊ स्वभावाबद्दल छान सांगितलं. ते सगळं मान्य. पण या पोरीनं माझ्या आईची गाणी कुलपातून बाहेर काढली, हे कोणीच बोललं नाही. म्हणून मी अध्यक्षांकडून माइक मागून घेतला.

माझी आई पार्बताबाई. तिला अक्षरओळख नव्हती, पण गाणी रचायची. निंदणाच्या तासात, लग्नाच्या हळदीला, जयंतीला, विहारात. ती एक ओळ टाकायची, शेजारची बाई दुसरी जोडायची, तिसरी ती फिरवून घ्यायची. कोणती ओळ कोणाची, हे विचारायची कोणाला गरजच पडली नाही. या गाण्यांचं पुस्तक करावं असं माझ्या मनात आलं, तेव्हा मी आईला भगवंतरावांच्या छापखान्यात घेऊन गेलो. तो सगळा उन्हाळा आई दुपारची माधवीताईंच्या टेबलाशी बसून गायची आणि ताई थेट कॉम्प्युटरवर टाइप करायच्या. मध्ये कागद नाही, वही नाही.

भगवंतराव वैतागायचे. म्हणायचे, "बुढे, जरा हळू म्हन. बाहीर गिऱ्हाइकाले वाटते इथी लगन लागून राहिलं."

आई म्हणायची, "मंग? लग्नाच्या पत्रिका छापता नं तुमी? तिथी लग्नाचं गानं नाई म्हनू तं काय मयतीचं म्हनू?"

भगवंतराव, हसताय काय? खोटं असेल तर सांगा.

पुस्तकाचं प्रकाशन आश्विन पौर्णिमेला, विहारात वर्षावासाचा समारोप असतो त्या दिवशी, करायचं ठरलं. आणि श्रावणात आईला लकवा मारला. डावं अंग गेलं, त्याच्याबरोबर वाचा गेली. डॉक्टरांनी सांगितलं, आता गाणं वगैरे विसरा. मी म्हटलं ठीक आहे, आवाज गेला, पण गाणी तरी माधवीताईंच्या कॉम्प्युटरमध्ये सुखरूप आहेत. मी अडाणी माणूस. मला काय माहीत, की आपण ठेवलेली वस्तू आपल्या हाती असतेच असं नाही?

मग आली खंडेनवमी. आता ज्यांना छापखान्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे मराठी टाइप करण्याचं जे विकतचं जुनं सॉफ्टवेअर होतं, त्याच्यासोबत पेनड्राइव्हसारखी एक लहानशी वस्तू यायची. तिला डोंगल म्हणतात. ती कॉम्प्युटरला लावली तरच सॉफ्टवेअर उघडणार, नाहीतर नाही. म्हणजे घर तुमचं, सामान तुमचं आणि किल्ली कंपनीची. भगवंतराव दर खंडेनवमीला कटिंग मशीन, कात्री, मोजपट्टी, सगळ्यांची पूजा मनापासून करतात. त्या वर्षी त्यांच्या मनात आलं, की आपलं सगळं दुकान ज्याच्यावर चालतं त्या डोंगलची पूजा आपण आजवर केलीच नाही! काढलं डोंगल, ठेवलं ताम्हनात, आणि घातली की हो त्याला पंचामृताची आंघोळ! दूध, दही, तूप, मध, साखर. वरून शुद्धोदक. वर हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल. अध्यक्ष महाराज, जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुठल्या मुलखात हा अपघात होईल असं मला वाटत नाही.

दसऱ्याला सकाळी मुहूर्तावर कॉम्प्युटर सुरू केला. सॉफ्टवेअर म्हणे, किल्ली सापडत नाही. पुसून पाहिलं, फुंकून पाहिलं, तांदळाच्या डब्यात ठेवून पाहिलं. शेवटी कंपनीला फोन लावला. तिकडून गोड आवाजात उत्तर आलं, की ते व्हर्जन आम्ही केव्हाच बंद केलं, आपण नवीन घ्या. आणि जुन्या फायली? त्या नव्यात उघडतीलच असं सांगता येत नाही म्हणे.

मला सांगा, हा कुठला न्याय झाला? गाणी माझ्या आईची. बोटं माधवीताईंची. कॉम्प्युटर भगवंतरावांचा. आणि ती नुसती डोळ्यांनी पाहायला परवानगी लागणार, ज्यानं आईचा आवाज कधी कानानं ऐकला नाही अशा कंपनीची? आई खाटेवर मुकी पडलेली, गाणी डब्यात मुकी पडलेली. त्या दिवशी माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो अजून निवलेला नाही, हे तुम्हाला माझ्या आवाजावरून कळतच असेल.

माधवीताई भगवंतरावांना पुष्कळ दिवसांपासून सांगत होत्या, की आपण ओपन सोर्सवर जाऊ, मोकळ्या सॉफ्टवेअरवर. भगवंतरावांचं एकच पालुपद. "फुकटाच्या वस्तूचा भरोसा काय?" त्या दिवशी ताईंनी स्वतःचा लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "दादा, फुकट म्हनू नोका. मोकळं म्हना. हे कसं बनवलं ते कोनीबी उघडून पाहू शकते, दुरुस्त करू शकते, दुसऱ्याले देऊ शकते. तुमच्यासारख्याच कोन्या अडलेल्या मानसानं जुन्या फायली उघडाची सोय यात करून ठेवली असन. पाहू तं द्या."

आणि मंडळी, होती! कुठल्या देशातली, कोणाची पोरं, माहीत नाही; पण करून ठेवलेली होती. फाइल उघडली. मात्र आतली अक्षरं पाहून मी डोक्याला हात लावला. जोंधळे, तूर आणि खडे एका सुपात सांडावे तशी गत. कारण जुना फॉन्टही त्या कुलपातलाच. मग ताईंनी नेटवरून एक लहानसा प्रोग्राम शोधला, तोही कोणीतरी मोकळा करून ठेवलेला. त्यातून गाणी मराठीत आली, पण लंगडत आली. कुठे शब्द तुटलेले, कुठे दोन ओळी एकमेकींत घुसलेल्या.

ही दुरुस्त कोण करणार? मी ही गाणी ऐकत लहानाचा मोठा झालो, पण ध्यान देऊन कधी ऐकली नव्हती. तेव्हा आम्ही लॅपटॉप घेऊन आमच्या गावी, भातकुलीला गेलो. आई खाटेवर. ताई उशाशी बसून मोठ्यानं वाचायच्या. शब्द चुकला की आईचा उजवा हात खाटेच्या माच्यावर आपटायचा. ताई दुसरा शब्द घालून पाहायच्या, तिसरा घालायच्या. बरोबर आला की हात थांबायचा. बघता बघता गल्लीतल्या बाया जमल्या. कोणी शब्द पुरवते, कोणी चाल धरते.

एका गाण्यावर मात्र आम्ही अडलो. ताईंनी वाचलं, सगळं नीट वाटत होतं, शब्दाला शब्द लागत होता. पण आईचा हात थांबेना. आम्ही परत वाचलं, मी वाचलं, तरी तेच. शेवटी गोदाबाई, त्या पाहा तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, त्या म्हणाल्या, "थांबा वो जराशे. मधातली एक ओयच गेली नं!" आणि त्यांनी ती ओळ गाऊन दाखवली. मशीननं गिळलेली ओळ. आईचा हात थांबला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि माझ्याही. मला रडायची लाज वाटत नाही.

भगवंतराव दारात बसून पाहत होते. त्यांनी हळूच विचारलं, "माधवी, मंग हे कोनाच्या मालकीचं हाय?"

ताईंनी विचारलं, "सॉफ्टवेअर का गानं?"

"दोनी."

"कोनाचंच नाई, दादा. सगळ्याइचं."

पौर्णिमेला विहारात प्रकाशन झालं. पुस्तकाच्या आरंभी सर्व हक्क राखून ठेवतात ना, तिथे काय छापायचं, ते ताईंनी आईला विचारून घेतलं. 'सगळ्यांसाठी खुलं ठेवू का?' असं त्यांनी विचारलं, तेव्हा आईचा हात जागचा हलला नाही. म्हणून तिथे छापलं आहे, की ज्याला गायचं त्यानं गावं, ज्याला ओळ जोडायची त्यानं जोडावी.

नंतर भगवंतरावांनी सगळा छापखाना मोकळ्या सॉफ्टवेअरवर आणला. सगळं लोण्यासारखं झालं असं मी म्हटलं तर ही कामगार मंडळी मला इथून खाली ओढतील. सुरुवातीला एका पत्रिकेत नवरदेवाचं नाव नवरीच्या बापाच्या डोक्यावर जाऊन बसलं. कीबोर्ड शिकताना लोकांनी ताईंच्या नावानं बोटं मोडली. पण ताईंनी प्रत्येकाजवळ बसून शिकवलं, आणि आज हा छापखाना कोणाच्या किल्लीची वाट पाहत थांबत नाही. भगवंतरावांची तेवढी एक तक्रार अजून आहे. "खंडेनवमीले हळदीकुंकू लावाचं कुठी? हातात धराले कायीच नाई!"

आता माधवीताई अकोल्याला स्वतःचं काम सुरू करताहेत. तिकडच्या छापखान्यांनाही त्या हेच शिकवणार आहेत. अमरावतीचं नुकसान झालं आहे, ते मी गोड शब्दांत झाकणार नाही. पण अकोलेकरांचं भाग्य उघडलं. आणि तो रस्ता माझ्या इतका पायाखालचा आहे, की ताई लांब चालल्या असं मला वाटतच नाही.

माझी आई माघात गेली. शांतपणे गेली. त्यानंतरच्या पौर्णिमेला भातकुलीच्या विहारात बायांनी तिचं गाणं धरलं, आणि शेवटी स्वतःच्या मनानं दोन ओळी जोडल्या. कोणी जोडल्या म्हणून विचारलं, तर एक जण सांगेल तर शपथ.

पार्बता गेली बाई, मागं नाई सोनंनाणं
आमच्या लेकीच्या तोंडी तिनं ठेवलं गाणं

त्या ओळी मी फोनवर माधवीताईंना कळवल्या. त्यांनी लगेच फाइल उघडली आणि त्या तिथे घातल्या. कोणाला विचारावं लागलं नाही. आई हयात असताना तिचं गाणं जिथे संपत होतं, तिथे ते आता संपत नाही.

अध्यक्ष महाराजांनी बोलू दिलं, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलं, सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचे आभार मानायला मला शब्द नाहीत. मायचा आवाज परत देणाऱ्याला काय म्हणतात, ते मी कुठे शिकलो नाही. माझ्या बोलण्यात उणं-अधिक झालं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि आईबद्दल सांगताना माझ्याकडून काही सुटलं असेल, तर भातकुलीच्या बाया इथे बसल्या आहेत. त्यांनी उठून सांगावं. मी बसतो.