भूतानची लाईन अन् बाईचा मोहा

चूक माहीच होती, हे आधी सांगतो, मंग बाकीचं. मी झाडीपट्टीतल्या नाकाडोंगरीकडचा. माय लवकर गेली, मोठ्या बहिणीनं वाढवलं, तिले आम्ही बाई म्हणतो. पुढं मी विजेचे टावर उभे करणाऱ्या ठेकेदाराकडं लागलो. तवा आमच्याच गावावरून मोठी लाईन निघाली अन् बाईचं मोहाचं झाड नेमकं तिच्याखाली आलं. बाई अडून बसली. सायब म्हणे, तुही बहीण हाय ना, समजाव, नाही तं तूही घरी बस. काय सांगू तुम्हाला, मी तिले म्हटलं, बाई, झाड जाऊ दे, याच तारेतून तुह्या घरी लाईट येते.

येणार नाही हे मले माहीत होतं. वीज लांब न्यायची तं दाब मोठा ठेवा लागते, नाही तं बरीचशी वाटेतच तार तापवण्यात जाते, अन् तो दाब घरापुरता उतरवाले सबस्टेशन पाहिजे, ते आमच्या गावासाठी कोण बांधते? बाईनं झाड दिलं. आल्यागेल्याले सांगे, माहा भाऊ लाईट आणते. चैतात दुसऱ्याच्या झाडाखाली मोहफुलं वेचाले जाय, अन् मले विचारे, कधी येते रे? मी म्हणो, येते, येते.

तोंड चुकवाले मी ऐंशी सालानंतर भूतानच्या लाईनीवर गेलो. तिथं डोंगरातल्या नदीवर वीज बनवाची, त्यांच्याकडं खप थोडा, बाकी सारी आपल्या देशाले विकाची, म्हणून लाईन खाली बंगालकडं. थंडीनं आमचे दात वाजत, मुकादम म्हणे, झाडीपट्टीचे वाघ बकऱ्या झाले.

तिथं एक म्हातारी आम्हाले रोज चहा दे. एक दिवस तिनं विचारलं, बेटा, ये बिजली मेरे घर आएगी? हो जिभेवर आलंच होतं, पण बाई आठवली. म्हटलं, नहीं अम्मा, ये दूर जाती है, हमारे देश में. ती हसली, म्हणे, चलो, किसी के घर तो जलेगी. दुसऱ्या दिवशीही चहा आणलाच तिनं.

तिथलं काम सरलं, त्या दिवाळीले घरी आलो. बाई तांदूळ पाखडत होती. म्हटलं, बाई, ती लाईट येणारच नव्हती, मले तवाच माहीत होतं, नोकरीच्या भेवानं तुह्यासंग खोटं बोललो, माफ कर. ती सूप न थांबवता म्हणे, मले कवाचं समजलं रे. म्हटलं, मंग कधी येते म्हणून विचारत काहून जाय? म्हणे, तू खरं सांगशील म्हणून. हातपाय धू, जेवाले बस.