सगळ्यांना एकच प्रश्न

ओश शहरातल्या सरकारी सेवाकेंद्रात माझ्या पुढे बुरुल आपा होत्या. माझं बाळ कुशीत झोपलेलं. आपांचा मुलगा मिर्लान कामाला म्हणून गेला, तो परतलाच नव्हता. खिडकीत कारकून तिलेक होता, आपांचाच जुना विद्यार्थी.

“आपा, वणवण संपली तुमची. इस्पितळ, तुरुंग, सरहद्द, सगळ्यांचे डेटाबेस वेगळे; पण आता या संगणकावरून एकाच भाषेत एकदा विचारलं की सगळे उत्तर देतात.”

“मग विचार की!”

“...कुठेच नोंद नाही, आपा.”

“नीट विचार. शाळेतही घाईच करायचास.”

“पुन्हा विचारलं, आपा. नाही.”

“तुरुंगातसुद्धा नाही?”

“नाही.”

“पूर्वीच बरं होतं रे. इस्पितळ नाही म्हणालं, तरी तुरुंगात विचारायचं उरायचं. आता उद्या मी कुठे जाऊ?”