रस्त्यापलीकडची नात

...म्हणजे मी मुळात भित्रा नाही हो, तुम्हाला सांगतो, जन्म कसबा पेठेतला, पंचावन्न वर्षं या शहरातले रस्ते ओलांडतोय, दुचाक्यांच्या मधून, टेम्पोच्या पुढून, एक हात वर करायचा आणि चालायला लागायचं! पण कंपनीने मला पंप विकायला पंधरा दिवस जर्मनीला पाठवलं आणि तिथे सगळा घोटाळा झाला. तिथे गाड्या थांबतात हो!

पहिल्या दिवशी मी रस्ता ओलांडायच्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी नुसता उभा होतो, तर ही एवढी मोठी गाडी थांबली. माझ्यासाठी! आपल्याकडे गाडी थांबवून माणूस काच खाली करतो ती कशाला? 'काय काका, घरी सांगून आलात का?' एवढं विचारायलाच ना? मी आपला लांबूनच सॉरी म्हणून मागे सरकलो. तो हाताने 'जा' म्हणतोय, मी हाताने 'तुम्ही व्हा पुढे' म्हणतोय, त्याच्यामागे सहा गाड्या... आणि हॉर्न एकाचाही नाही! शेवटी आमचं तिथलं गिऱ्हाईक, कार्ल म्हणून, दंडाला धरून घेऊन गेला. म्हणाला, "बिनधास्त चाल, बघूसुद्धा नकोस." तिसऱ्या दिवसापासून बघायचंच बंद केलं मी. का बघू? तिथे थांबतात हो!

आणि आज विमानतळावरून थेट इकडे. आमची लेक पूर्वा पहाटे बाळंत झाली, मुलगी झाली, आणि प्रसूतिगृह सातारा रस्त्याच्या या बाजूला. रिक्षावाल्याने मला त्या बाजूला उतरवलं, वळायला फार पुढे जावं लागतं म्हणे. पट्टे दिसले, टाकलं पाऊल, न बघता... तोच सिटी बस! शर्टाला वारा लावून गेली! कसाबसा दुभाजकावर चढलो आणि तिथल्या दिव्याच्या खांबाला मिठीच मारली. खोटं कशाला बोलू, वाटलं, नातीचं तोंड न बघताच जाणार आपण.

पंचवीस मिनिटं तिथेच. एका रिक्षाला हात केला. 'कुठे?' 'हे काय, समोर.' 'मग चाला की.' गेला! तेवढ्यात नीरजाचा, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचा फोन.

"अहो, आहात कुठे?"

"समोर. खिडकीतून बघ, हात हलवतोय."

"हलवताय काय? या की."

"अगं, थांबत नाहीत."

"कधी थांबायच्या?"

खरंच की, कधी थांबायच्या? पण तिथे थांबतात हो...

शेवटी एक आजी आल्या, इंदुबाई, सुनेचा डबा घेऊन निघालेल्या. माझं मनगट धरलं, डब्याची पिशवी टँकरसमोर धरली आणि म्हणाल्या, "चला. त्याच्याकडे बघू नका, उगाच त्याला वाटतं आपण घाबरलो." मी डोळेच मिटून घेतले.

नातीला हातात घेतलं. एवढंसं तोंड, तिने माझं बोट मुठीत धरलं आणि मी रडलो हो, सगळ्यांदेखत. म्हटलं, आता कशाची भीती? तर नीरजाने हातात चिठ्ठी ठेवली. "एवढी औषधं लगेच आणा. दुकान समोरच आहे."

म्हणून मघापासून इथे फाटकाशी उभा राहून हे सगळं तुम्हाला सांगतोय. तुमच्यापैकी कुणी... पलीकडे जाणारं आहे का?