तीन शब्दांना लागणारा वेळ

दुकानवाली : …पण वर्ष कुठलं टाकू, मिस्त्री? कार्डावर तारीखच नाही.

मिस्त्री : कव्हरावर पुलावर छत्री घेऊन उभा असलेला माणूस, तीच रेकॉर्ड ना? ती आमच्या धाकटीला जुळं झालं त्या वर्षीची.

दुकानवाली : आणि जुळी आता केवढी?

मिस्त्री : बारा पुरी झाली. तेव्हा ही रेकॉर्ड आठ दिवस घरी होती आणि आठही दिवस दोन्ही काखांत एकेक पोरगं. सुई मागे सरकवायला एक बोट पुरतं, रेकॉर्ड उलटायला दोन्ही हात लागतात. म्हणून एकच बाजू ऐकली, आठ दिवस.

डॉक्टर : आकडा टाका आणि पुढे चला. छापखानेवाला तीनला दार लावतो. पहिलंच पुस्तक आहे आपलं, निदान वेळेवर निघू दे.

मिस्त्री : पुस्तक कसलं हो डॉक्टर, कार्डांची चवड ती.

डॉक्टर : चवड? अहो, पन्नास-साठ माणसं तुमच्या कार्डावर डोळे मिटून रेकॉर्ड विकत घेतात. परगावाहून पत्रं येतात, मिस्त्री सध्या काय ऐकतात म्हणून. मी दातांचा डॉक्टर, चाळीस वर्षं जॅझ ऐकतोय, मला कुणी विचारत नाही.

दुकानवाली : तुम्ही न विचारता सांगता, म्हणून.

डॉक्टर : तुझा बाप असा बोलत नसे गिऱ्हाइकाशी.

दुकानवाली : बाबा तुम्हाला घाबरायचे. त्यांचे दात किडके होते. मिस्त्री, ही पानं. छापायच्या आधी एकदा कानांखालून घाला. वाचून दाखवू?

मिस्त्री : आण इकडे. मी वाचतो.

दुकानवाली : तुम्ही?

मिस्त्री : चार महिने झाले. शेजारी शाळेतल्या बाई आहेत, निवृत्त. त्या शिकवतात. जोडाक्षर आलं की अजून ठेच लागते.

दुकानवाली : अडुसष्टाव्या वर्षी! आणि बोलला नाहीत?

मिस्त्री : काय करणार? नियम तुझ्या बापाचा. रेकॉर्ड आठ दिवस फुकट न्या, पण परत आणायची ती कार्डासकट. त्यात काय ऐकावं, कुणी ऐकावं, ते लिहून. कार्ड लिहिणारी आमची गेली. मग वर्षभर मी रेकॉर्डच नेली नाही. घरात नुसतं घड्याळ ऐकू यायचं. म्हटलं, शिकावं.

दुकानवाली : मला सांगायचं. मी लिहिलं असतं की कार्ड.

मिस्त्री : दुकान तुझं, नियम तुझा आणि कार्डही तूच लिहायचं? मास्तरनेच परीक्षेला बसल्यासारखं झालं ते.

डॉक्टर : थांबा, थांबा. म्हणजे तुम्हाला आता वाचता येतं? माझी अख्खी प्रस्तावना 'अक्षरशत्रू माणसाचा कान' या नावाची आहे!

मिस्त्री : शत्रू कशाला हो? तोंडओळख नव्हती, एवढंच. बरं, आता गप्प बसा दोघं. मला मोठ्याने वाचावं लागतं. 'दुसऱ्या… बाजूचं… शेवटचं वादन ऐका. सॅक्सोफोनवाला दम घ्यायला थांबतो, तेव्हा पियानोवाला थांबत नाही, पण हळू चालतो. लहान मुलाला बोटाला धरून चालतात तसा.' …कुणाचं हे?

दुकानवाली : तुमचंच. छत्रीवाल्याचं कार्ड.

मिस्त्री : माझं नाही.

डॉक्टर : असं कसं? पानाच्या डोक्यावर तुमचं नाव आहे.

मिस्त्री : मी आत्ताच काय सांगितलं? मी एकच बाजू ऐकली. दुसरी बाजू मी आजपर्यंत ऐकलेली नाही.

दुकानवाली : विसरला असाल.

मिस्त्री : पोरी, मी चौकटीचं माप वीस वर्षांनी सांगतो. दुसरं दे. ही पिवळ्या कव्हराची दिसते, स्टुलावर टोपी ठेवलेली. 'सकाळी अकराच्या सुमारास, घरात कुणी नसताना ऐकावी. भिंतीला पाठ टेकून बसलं, की डबल बास आधी पाठीला कळतो, मग कानाला.'

डॉक्टर : वा! माझ्या सिद्धांताचा सगळा पाया या कार्डावर आहे. बास लाकडाचा, तुम्ही लाकडाचे…

मिस्त्री : मी लाकडाचा?

डॉक्टर : म्हणजे लाकडातले हो. सुताराला लाकूड ऐकू येतं, असं मी लिहिलंय.

मिस्त्री : अकरा वाजता मी कारखान्यात रंधा मारत असायचो. तिथे बास काय, शेजारचा माणूस ऐकू यायचा नाही. घरी अकराला एकटी कोण असायची?

दुकानवाली : काकू.

मिस्त्री : पण तिला तर हे आवडायचंच नाही. मी रेकॉर्ड लावली की म्हणायची, लावा तुमचा गोंगाट. आणि पाठ करून बसायची.

दुकानवाली : भिंतीकडे तोंड करून?

मिस्त्री : नाही गं. स्पीकरची पेटी मीच बनवली होती, भिंतीत बसवलेली. तिला पाठ टेकून बसायची. मटार सोलत, शिवण घेऊन. मला वाटायचं, चिडून बसलीय.

दुकानवाली : मिस्त्री, तुम्ही कार्डात काय सांगायचात तिला? नेमकं?

मिस्त्री : 'चांगली आहे, ऐका.' नाही आवडली तर 'बरी आहे, ऐका.' मला कुठे बोलता येतं? मी ह्या दुकानाचे कप्पे ठोकत होतो तेव्हा तुझा बाप रेकॉर्डी लावायचा. कानाला बरं वाटलं, नेत गेलो. तीन शब्दांच्या पुढे मला कधी सुचलंच नाही.

डॉक्टर : आणि त्या तीन शब्दांच्या चार ओळी झाल्या?

मिस्त्री : शनिवारी सकाळी मी तीन शब्द सांगून दाढीला बसायचो. दाढी करून, आंघोळ करून आलो तरी ही लिहितेच आहे. म्हणायचो, अगं, तीन शब्दांना एवढा वेळ? म्हणायची, अक्षर नीट काढायला वेळ लागतो. मला काय ठाऊक! म्हटलं, लागत असेल. तीन शब्दांना किती वेळ लागतो, ते मला या वर्षी कळलं.

दुकानवाली : वाचून दाखव, असं नाही म्हणालात कधी?

मिस्त्री : म्हणायचो की. दाखवायची. चारही ओळींवरून बोट फिरवायची, पार खालपर्यंत, आणि तोंडाने म्हणायची, 'चांगली आहे, ऐका.'

दुकानवाली : …काकू गं.

मिस्त्री : हसू नकोस. हस. मलाही येतंय.

डॉक्टर : मला नाही येत. सगळी कार्डं अशीच?

मिस्त्री : चाळून बघतो ना. हे… 'ढोलवाला काठ्या टाकून ब्रश घेतो, तेव्हा कुणीतरी आंगण झाडतंय असं वाटतं, आणि झाडून झालं की करमत नाही.' माझं नाही. हे… 'ट्रम्पेटवाल्याचा एक सूर चुकतो. तो लपवत नाही, तोच पुन्हा वाजवतो. घाबरट माणसांनी ऐकावी.' हेही नाही. पोरी, हे पुस्तक माझं नाही. नाव काढ.

डॉक्टर : एक मिनिट. घाई नको. शेवटच्या पानावर त्यांचे आभार मानलेत मी. लेखनसाहाय्याबद्दल.

दुकानवाली : डॉक्टर, तुम्हाला ऐकू येतंय ना काय म्हणताय ते?

डॉक्टर : येतंय. प्रस्तावनेचं दुःख आहे, नाही म्हणत नाही. पण दुसरंही बघा. इतकी वर्षं त्यांनी हे स्वतःहून झाकून ठेवलं. तुमचं नाव व्हावं, असंच त्यांना वाटत असेल तर? आता त्या नाहीत, आणि आपण त्यांची झाकलेली गोष्ट भर बाजारात उघडायची?

दुकानवाली : उगाच काहीतरी.

मिस्त्री : उगाच नाही. बरोबर बोलतोय तो. मी इथून घरी गेलो की विचारायची, आज कोण काय म्हणालं? मी सांगायचो, अमक्याने आपल्या कार्डावरून रेकॉर्ड घेतली. तिचा चेहरा खुलायचा. मला वाटायचं, नवऱ्याचं कौतुक म्हणून.

दुकानवाली : मग? नाव तुमचंच ठेवायचं?

मिस्त्री : मला कळलं पाहिजे. तिला नाव नकोच होतं, की कुणी विचारलं नाही म्हणून राहिलं? दोन्हीपैकी एकच खरं. तिला विचारता येत नाही आता, आणि चूक झाली तर छापलेलं खरवडून काढता येत नाही.

डॉक्टर : तेच म्हणतो मी. शंका असताना आहे तसं…

मिस्त्री : किती कार्डं आहेत यात?

दुकानवाली : एक्याण्णव.

मिस्त्री : ब्याण्णव पाहिजेत.

डॉक्टर : कशावरून?

मिस्त्री : त्या मधल्या कप्प्याच्या फळीखाली हात घाल. रेकॉर्ड परत केली की पेन्सिलीने एक रेघ मारायचो तिथे. सुताराची खोड. गेल्या खेपेला ब्याण्णव होत्या.

दुकानवाली : थांबा, वाकते… पाचपाचच्या जुड्या केल्यात की. अठरा जुड्या. आणि दोन सुट्या. ब्याण्णव. डॉक्टर, निवड तुम्ही केलीत. कार्डांची पेटी तुमच्याकडे होती महिनाभर.

डॉक्टर : असेल कुठेतरी पडलं.

दुकानवाली : डॉक्टर.

डॉक्टर : …माझ्याकडे आहे. याच फायलीत. एक गाळलं मी.

मिस्त्री : का?

डॉक्टर : ते बाकीच्यांत बसत नव्हतं.

मिस्त्री : म्हणून रंधा मारलात. द्या इकडे. ही ती कव्हरावरची बाई. पाठमोरी, केसांत फणी. मी म्हटलं होतं, रडकी आहे, नका ऐकू. हिच्या कार्डाला तर दुपार झाली होती. 'मिस्त्रींना ही… रडकी वाटली. मला नाही वाटली. ही बाई रडत नाही, रडून झाल्यावरचं गाते. ज्यांना आवडेल त्यांनी… मला सांगावं.'

दुकानवाली : मला सांगावं.

मिस्त्री : हो. वाचलं मी.

डॉक्टर : मला वाटलं, तुम्ही गंमत केलीत. स्वतःलाच 'मिस्त्री' म्हणून, दोन माणसांचं सोंग. चतुर वाटलं, पण प्रस्तावनेला अडचण होत होती.

दुकानवाली : कुणाला आवडली होती का हो ती रेकॉर्ड?

डॉक्टर : मला. अजून लावतो. बायको माहेरी निघून गेली त्या साली तर रोज लावायचो.

दुकानवाली : मग सांगितलंत?

डॉक्टर : सांगितलं ना. इथेच, ह्याच काउंटरपाशी. मिस्त्रींना सांगितलं.

मिस्त्री : मी काय म्हणालो?

डॉक्टर : म्हणालात, 'कसली हो, रडकी आहे.' मला वाटलं, गंमत चालूच आहे. मी हसलो.

मिस्त्री : आणि मी घरी जाऊन तिला म्हटलं, दातांच्या डॉक्टरला ती रडकी रेकॉर्ड आवडली म्हणे, काय एकेक माणसं.

दुकानवाली : मग काकू?

मिस्त्री : हातातलं काम ठेवलं तिने. म्हणाली, नक्की काय म्हणाले? शब्द सांगा. मला शब्द आठवेनात. म्हटलं, आवडली म्हणाला, अजून काय? पुन्हा विचारलं. जेवताना पुन्हा. मी खेकसलो, डॉक्टरचं काय एवढं? मग नाही विचारलं.

डॉक्टर : मला आठवतात ते शब्द.

मिस्त्री : सांगा.

डॉक्टर : मी म्हणालो होतो, हे कार्ड ज्याने लिहिलं त्याने मला घरात एकटं बसायला शिकवलं.

मिस्त्री : …हे तिला सांगायला हवं होतं.

दुकानवाली : मिस्त्री, पाणी देऊ?

मिस्त्री : नको. पेन दे. म्हणजे कुणी विचारलं नाही, हेच खरं. सांगितलं एकाने, तर मधे मी उभा. डॉक्टर, तुमची प्रस्तावना?

डॉक्टर : फाडली. ही बघा. सहा पानं होती. लाकूड वगैरे सगळं गेलं. ब्याण्णवावं कार्ड पहिल्या पानावर घ्या. छापखान्याची काळजी करू नका, त्याची अक्कलदाढ मला काढायचीय, पाचपर्यंत थांबेल.

दुकानवाली : आणि नाव? 'मिस्त्रींची कार्डं' खोडलं. 'मिस्त्रीणबाईंची' लिहू?

मिस्त्री : मिस्त्रीण कशाला? सुतारकाम मी करायचो. गल्लीत, माहेरी, सगळीकडे तिला अक्का म्हणायचे. 'अक्कांची कार्डं' लिही.

दुकानवाली : बायकोला अहोजाहो?

मिस्त्री : छापील आहे ना ते. आणि शेवटच्या पानावरचे आभार काढ. तिथे मी लिहितो.

दुकानवाली : सांगा, मी लिहून घेते. तुम्हाला दमायला होईल.

मिस्त्री : नको. आमच्या घरात सांगून लिहिलेलं पुरे झालं. कागद सरकव.

(मिस्त्री लिहितात. लिहिता लिहिता एकेक शब्द मोठ्याने म्हणतात.)

मिस्त्री : 'ही… ब्याण्णव… कार्डं… अक्कांनी लिहिली. रेकॉर्डी त्यांनीच… नीट ऐकल्या. मिस्त्रींनी… नेल्या-आणल्या.'

डॉक्टर : असं काय लिहिता? तुम्हीही ऐकत होतात.

मिस्त्री : ऐकत होतो. पण तिला ऐकलं नाही. लिहू द्या.

दुकानवाली : एक ओळ राहिलीय. ज्यांना त्यांच्याशी बोलायचं असेल, ते विचारत येतील. पत्रं येतील त्यांच्या नावाने.

मिस्त्री : हो. ते लिहायलाच हवं. 'अक्का… गेल्या वर्षी… मार्च महिन्याच्या नऊ तारखेला, मंगळवारी, दुपारी… वारल्या.'