पितळी चाकर

…नाही हो, मी कुठं हललो? हात आपला आपणच हलतो, चितारीबुवा, माझी परवानगी घेत नाही तो. तुम्ही काढा — सुरई धरलीय ना मी? पण काय हो, यंत्रांच्या त्या पुस्तकात पितळी चाकराचं चित्र काढायचं, तर समोर उभं करायला अख्ख्या आमिद शहरात हा रैहानच सापडला? ज्याची जागा त्यानं घेतली, तोच! — बरं, मिटतो तोंड. ओठ तर रंगवून झालेत की तुमचे!

आणि चित्रात माझ्या पोटात हे काय? नळी? ही टाकी? अहो, माझ्या पोटात सकाळचं मसुराचं कालवण आहे फक्त!

देखणा आहे हो तुमचा गडी. त्याच्या शेजारचा पितळी पक्षी शीळ घालतो, हा पाणी ओततो, मग डावा हात खाली करून पंचा पुढे धरतो. खोकला नाही, कुरकुर नाही. सुलतानांना मिसरूड फुटलं नव्हतं, तेव्हापासून नमाजाआधी त्यांच्या हातांवर पाणी मी घालायचो. गेल्या हिवाळ्यात मात्र — चित्रात नका घालू हे — त्यांची बाही भिजायला लागली. रोजच. ते मला काही बोलले नाहीत. कारागिराला म्हणाले, नोकरांनी पाणी घातलेलं आम्हाला रुचत नाही, यंत्र कर. नोकरांनी म्हणे! माझं नाव नाही घेतलं. तेवढं राखलं त्यांनी.

आता त्या पितळ्याची टाकी मीच भरतो. दजला नदीचं पाणी म्हणजे बर्फ — त्याला काय कळतंय? मी आधी कोमट करून घेतो. बोलू नका कुठं. वाटू दे सुलतानांना, पितळेलाही माया असते.

परवाची गंमत सांगतो — सुलतान सवयीनं म्हणाले, "बस." पितळ कसलं थांबतंय! ओततंय आपलं. बाही भिजली, गालिचा भिजला. आणि ते वळले, ते माझ्याकडे. मी कोपऱ्यात होतो, उगाच. म्हणाले, "रैहान, बाही भिजवायला यालाही तूच शिकवलंस का?" — काही नाही हो, रंगाचा वास गेला डोळ्यांत.

झालं? बघू… अरे वा, हात किती स्थिर काढलात! थरथर काढता येत नाही होय? असू दे. असाच असू दे.

हा पंचा? त्या पितळ्याचाच. परवापासून त्याच्या हातात ठेवायला विसरतो मी. रोज विसरतो. म्हातारा झालो ना — मग सुलतानांना ओले हात घेऊन वळावं लागतं कोपऱ्याकडे…

शू! पलीकडे त्या पक्ष्याची शीळ वाजली. धरा ही सुरई, पंचा मी नेतो — आणि निघा तुम्ही आता.