माझ्याच कॉम्प्युटरच्या यादीत मी नाही

...आणि वर म्हणतो, ‘या घटनेची माहिती कळवली जाईल’! कोण म्हणतो? अहो, कॉम्प्युटर! मी विकत आणलेला, रोज मीच पुसतो तो, आणि मलाच म्हणतो, तुमचं नाव यादीत नाही!

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवतोय मी. डोळे मिटून, दहा बोटांनी... असो. जावयाने जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स घातलं. “बाबा, फुकट आहे, व्हायरसची कटकट नाही, पळेल बघा!” पहिल्याच महिन्यात इंटरनेटवर कुणीतरी टीप दिलेली, ही ओळ चिकटवा, कॉम्प्युटर हलका होईल. चिकटवली. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, हो. झाला की हलका! लेकीच्या लग्नाचे फोटोसुद्धा गेले! जावयाकडे कॉपी होती म्हणून निभावलं. त्याने सगळं पुन्हा घालून दिलं आणि वर तास घेतला माझा, “बाबा, समजल्याशिवाय काही चिकटवायचं नाही, आणि प्रत्येक गोष्टीची एक कॉपी वेगळ्या डिस्कवर.” वहीत लिहून घेतलं हो मी, लाल शाईने!

आणि आज चार वाजता बॅचला सर्टिफिकिटं द्यायची. शेवटची बॅच! उद्यापासून क्लास बंद, आता कुणाला शिकायचंय टायपिंग? बावीस मुलं आईबापांना घेऊन येणार, आणि सव्वातीनला नवा प्रिंटर म्हणतो, आधी माझं सॉफ्टवेअर घाला. घालतो! टर्मिनल उघडलं, म्हणजे ती हुकूम टाइप करायची काळी खिडकी, तिने पासवर्ड विचारला, मी टाइप करतोय तर पडद्यावर अक्षर नाही, टिंब नाही, काहीच नाही! एकतीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं, गेली आपली बोटं. जावयाला फोन. “बाबा, तो दिसत नसतोच, टाइप करत राहा.” राहिलो. एंटर... तुमचं नाव यादीत नाही! माहिती कळवली जाईल! अरे, पण कळवणार कुणाला?

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, “अहो, फोनवर मेसेज आलाय, पुन्हा काय खुडबुड चाललीय?”

तिच्या फोनवर! तिच्या फोनवर चहाडी! म्हणजे कॉम्प्युटरने कुणाचा हुकूम ऐकायचा, त्या यादीत जावयाने हिला घातलं, मला काढलं! एकेक अक्षर शोधत दोन बोटांनी टाइप करणाऱ्या बाईला! ज्याला पोटच्या पोरासारखा मानला, त्याने असा केसाने गळा कापावा?

आली पदराला हात पुसत. “तोंड तिकडे करा.” केलं, भिंतीकडे! मागे टक... टक... “विचारतंय काय ते आधी वाचावं माणसाने,” म्हणाली, आणि वाचलं, पुटपुटत, अख्खं! एकदा तर चक्क ‘नाही’ म्हणाली, कॉम्प्युटरला! आणि पावणेचारला बावीसच्या बावीस सर्टिफिकिटं बाहेर.

मी विचारलं, “पण का गं? माझंच नाव का नाही?”

“जावई म्हणाले, आई, यादीत असं माणूस हवं, जे विचारल्याबरोबर ‘हो’ म्हणत नाही.”

आता तुम्हीच सांगा! चौतीस वर्षं या घरात ‘हो’शिवाय दुसरं काही म्हणू दिलंय का मला? ही सवय लावली कुणी? सुनावणारच होतो, अगदी ओठांवर आलं होतं... तेवढ्यात ती म्हणाली, “मग यादीत माझंच राहू दे ना नाव?”

म्हटलं, हो.